फळी नवी, तरी पत्र्याला भोकं: अल्युमिनियमच्या बोटीत लाकूड बसवताना काय चुकतं

तक्रार सगळीकडे एकच असते. तळातल्या फळ्या कुजल्या म्हणून नवा प्लाय आणला, वरून दोन हात वार्निश मारलं, स्क्रू पिळले आणि बोट पाण्यात सोडली. एक पावसाळा गेला. पुढच्या उन्हाळ्यात फळी उचलली तर खाली पत्र्यावर ओल्या चुन्यासारखी पांढरी पूड. ती खरवडली तर सुईच्या टोकाएवढे खड्डे, आणि त्यातल्या दोन-चार खड्ड्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. भोकं बुजवली, फळी परत बदलली, दोन वर्षांनी पुन्हा तेच.

माझ्या दाजींच्या बोटीत हे तीनदा झालं. त्यांची जमीन करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. १९८० साली धरण पूर्ण झालं, भीमेचं पाणी शिवारात शिरलं, आणि तेव्हापासून तिकडे बोट ही बैलगाडीसारखी घरची वस्तू झाली. त्यांची बोट चौदा फुटी, अल्युमिनियमची, मागे छोटं इंजिन. कधी जाळं टाकायला, कधी पलीकडच्या मळ्यात फवारणीचं सामान न्यायला, हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला आलेल्या पाहुण्यांना फिरवायला. मी सोलापुरात अल्युमिनियमच्या खिडक्या-पार्टिशनचं काम करतो, वीस वर्षं झाली. त्यामुळे पत्र्याचं काही झालं की फोन मला. "अरे, परत पाणी यायलंय बघ," एवढंच दाजी म्हणतात.

मे २०२४ मध्ये उजनीच्याच पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्या अपघाताचा गंजाशी संबंध नव्हता. पण ते पाणी आमच्या रोजच्या नजरेतलं आहे, आणि त्या रात्री बहिणीने मला फोन करून विचारलं, आपल्या बोटीचा तळ नक्की धड आहे ना. मला छातीवर हात ठेवून हो म्हणता आलं नाही. त्यानंतर मी बोट सोलापुरात आणून पूर्ण उघडली. जे सापडलं आणि जे करून आता पत्रा टिकला आहे, ते इथे सगळं लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळे तिथेच अडकतात. "कोणतं वार्निश मारू?" हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की लाकूड आणि पत्रा यांच्या मधे पाणी किती दिवस बसून राहतं, आणि त्या लाकडात किंवा त्या पाण्यात तांबं आहे का. या दोन गोष्टी सुटल्या नाहीत तर कितीही महाग लेप लावा, खालचा पत्रा जाणारच.

पत्रा मुळात का खराब होतो

आपल्याकडे अल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. ज्यांच्या घरी जर्मनचा डबा आहे त्यांना हे माहीत असतं: ओलं मीठ ठेवलं, किंवा ओल्या फरशीवर डबा महिनाभर तसाच राहिला, तर बुडाला पांढरे ठिपके येतात आणि मग टाचणीएवढी भोकं पडतात. तोच डबा रोज वापरला, धुतला, पुसून पालथा घातला तर पंचवीस वर्षं जातो.

अल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर तयार होतो. तोच त्याचं चिलखत. ओरखडा पडला तरी हवेतला ऑक्सिजन मिळाला की थर पुन्हा जमतो. पण ओली फळी, ओला गालिचा, गाळ, सडलेली पानं पत्र्याला चिकटून राहिली की खाली ऑक्सिजन पोचत नाही. थर तुटला की तुटलेलाच राहतो. त्यात ओलं लाकूड स्वतः ॲसिटिक आम्ल सोडतं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. आंबूस ओल्या पोटिसासारखं ते लाकूड पत्र्यावर महिनोन्‌महिने बसतं. बाहेरून, जिथे धरणाचं पाणी सतत लागतं, तिथे दाजींच्या बोटीचा पत्रा लख्ख होता. आतून, फळीखाली, तो चाळणी झाला होता. बोट पाण्यामुळे सडत नाही, अडकलेल्या पाण्यामुळे सडते.

आता तांब्याचं. इथे मी बराच काळ चुकलो आणि याच भागाने सगळ्यात जास्त नुकसान केलं.

डाळिंब किंवा द्राक्ष लावणाऱ्या शेतकऱ्याला बोर्डो मिश्रण ठाऊक असतं: मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना. मिश्रण नीट झालं का हे बघायला त्यात विळ्याचं घासलेलं पातं किंवा लोखंडी खिळा बुडवतात. वर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना वाढवायचा. म्हणजे पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडावर जाऊन बसतं आणि तेवढं लोखंड विरघळतं. अल्युमिनियमच्या बाबतीत हीच क्रिया जास्त जोराची. रसायनशास्त्राच्या तक्त्यात तांबं अधिक ०.३४ व्होल्टवर आहे आणि अल्युमिनियम उणे १.६६ वर, लोखंड या दोघांच्या मधे कुठेतरी. तांब्याचा कण पत्र्यावर बसला की त्या ठिकाणी एक छोटी बॅटरी तयार होते. पाणी आहे तोवर ती चालते आणि पत्रा कुरतडत राहते. पृष्ठभाग सगळा झिजत नाही, एकाच जागी आत आत भोक जातं. म्हणून वरून बघून अंदाज येत नाही.

हे तांबं बोटीत येतं कुठून? दाजींच्या बोटीत ते तीन वाटांनी आलं होतं, आणि चौथ्या वाटेने तसाच त्रास देणारा दुसरा धातू.

पहिली वाट लाकडाची. दुसऱ्या खेपेला आम्ही वखारीतून मुद्दाम "ट्रीटमेंट केलेलं" लाकूड आणलं. वाळवी लागणार नाही, कुजणार नाही, असं सांगून दिलेलं, आणि ते खरंही होतं. ते लाकूड अजून शाबूत आहे. पण त्याचा तो हिरवट रंग तांब्याच्या क्षारांचा असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपलं की थोडं थोडं तांबं खाली पत्र्यावर येतं. त्या फळीखाली जेवढी भोकं सापडली तेवढी साध्या कुजलेल्या प्लायखाली कधीच सापडली नव्हती. चांगल्या मनाने, जास्त पैसे देऊन आम्ही पत्रा मारला. हिरवट छटेचं ट्रीटमेंटचं लाकूड अल्युमिनियमच्या बोटीत कुठेही नको. आसनालाही नको, कारण पाणी ठिबकत तळातच जातं.

मरीन प्लायबद्दलही विचारून घ्या. आपल्याकडे आयएस ७१० मानकाचा प्लाय हा चांगला प्लाय, उकळत्या पाण्यातही पदर सुटत नाहीत. पण त्यालाही कीड-बुरशीविरोधी रसायन भरलेलं असतं आणि ते तांब्याचं असू शकतं. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, नाहीतर कंपनीला फोन करून सरळ विचारा: प्रिझर्व्हेटिव्हमध्ये कॉपर आहे का? उत्तर "हो" असेल किंवा मिळालंच नाही, तर तो प्लाय सहाही बाजूंनी इपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर कालवून लावायचा, वाळून कडक होणारा लेप) बंद केल्याशिवाय आणि पत्र्यापासून वेगळा ठेवल्याशिवाय वापरू नका.

दुसरी वाट स्क्रूची. सुताराने पितळी स्क्रू लावले होते, कारण लाकडाच्या कामात पितळी स्क्रू गंजत नाही हे त्याचं पिढीजात ज्ञान, आणि लाकडाच्या नावेत ते बरोबरच आहे. पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. अल्युमिनियमच्या पत्र्यात पितळी स्क्रू तसाच चकचकीत राहतो आणि त्याच्या भोवतीचा पत्रा भुसभुशीत होऊन स्क्रू हाताने बाहेर येतो.

तिसरी वाट मला सगळ्यात उशिरा कळली. दाजी पलीकडच्या मळ्यात डाळिंबावर फवारायला मोरचूदचं बोर्डो मिश्रण याच बोटीतून नेत होते. ड्रमचं झाकण सैल, बोट हेलकावली की दोन-तीन वाट्या तळात सांडायच्या. बोटीच्या मधल्या भागातच भोकं का जास्त, याचं उत्तर मी लाकडात शोधत होतो आणि ते ड्रमच्या बुडाच्या गोल खुणेत होतं. त्या खुणेच्या कडेने निळसर कड आणि तिच्या बाहेर पांढरी पूड, हे मी बोटाने चाचपून पाहिलं तेव्हा कोडं सुटलं. तुमच्या बोटीतून तांबेयुक्त बुरशीनाशक जात असेल तर ड्रम प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात ठेवा आणि घरी आल्यावर बोट आतून भरपूर पाण्याने धुवा.

चौथी वाट जाळ्याची, पण इथे धातू तांबं नसून शिसं. फेकजाळ्याच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या तुटून फळीखाली घरंगळतात. प्रत्येक गोळीभोवती पांढऱ्या पुडीचं कडं होतं, नाण्याएवढं. शिसंही अल्युमिनियमला तसाच त्रास देतं, फक्त तांब्याइतक्या जोराने नाही. गोळ्या वेचून काढा, जाळं फळीवर न ठेवता टोपलीत ठेवा.

आधी नुकसान किती आहे ते बघा

सगळ्या फळ्या काढा. अर्ध्या काढून भागत नाही, कारण न काढलेल्या फळीखालीच सगळ्यात वाईट जागा असते. बोट साध्या साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने धुवा. कॉस्टिक सोडा किंवा धुण्याचा सोडा चुकूनही नको, क्षार अल्युमिनियमला विरघळवतो. लोखंडी तारेचा ब्रश आणि लोखंडी घासणीही नको; लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि नंतर तिथेच खड्डे पडतात. स्टेनलेसचा कोरा ब्रश चालतो. कोरा म्हणजे ज्याने आधी लोखंड घासलेलं नाही असा.

मग रात्री, अंधारात, बोट दोन घोड्यांवर (सुताराच्या लाकडी तिकाटण्यांवर) ठेवा आणि एकाने खालून मोबाइलचा टॉर्च हळूहळू फिरवावा. आतून बघणाऱ्याला भोकं चांदण्यांसारखी दिसतात. आम्हाला एकोणीस सापडली. रिपिटांच्या शेजारची गळती अशी दिसत नाही, त्यासाठी तळात फक्त दोन-तीन इंच पाणी भरा आणि बाहेरून थेंब शोधा. काठोकाठ भरू नका, चौदा फुटी बोटीत तेवढ्या पाण्याचं वजन घोड्यांना पेलणार नाही आणि बोट वाकेल.

खुणा करायला पेन्सिल वापरू नका. सुताराच्या कानामागची पेन्सिल ग्राफाइटची असते आणि ग्राफाइटसुद्धा अल्युमिनियमला तांब्यासारखंच त्रास देतं. रेघ राहिली तर रेघेवर खड्डे येऊ शकतात. मार्कर पेन वापरा.

जे आरपार गेलं नाही ते खड्डे साफ करून इपॉक्सीने भरता येतात. आरपार भोकं एका जागी गर्दीने असतील तर त्यावर अल्युमिनियमचाच ठिगळ लावा, मधे पॉलियुरेथेन सीलंट आणि भरीव किंवा बंद तोंडाचे रिपीट. खिडकीकामाचे साधे पॉप रिपीट मधून पोकळ असतात, त्यांतून पाणी येतं. माझ्याकडे ते हजारोंनी असूनही मी बोटीत एकही लावला नाही. वेल्डिंग करायचं असेल तर आधी करा, लेप नंतर. इपॉक्सी लावलेल्या पत्र्यावर वेल्डिंगची आंच गेली की विषारी धूर होतो आणि वेल्डही धड येत नाही.

लाकूड कुठलं, आणि हवंच का

हा प्रश्न रास्त आहे. तळाला चेकर्ड अल्युमिनियमचा पत्रा टाकला तर लाकडाचा प्रश्नच मिटतो. मी तोही करून पाहिला. पण सोलापूरच्या एप्रिलमध्ये, पारा बेचाळीसच्या वर असताना, दुपारी त्या पत्र्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. दाजींसोबत जाळं ओढणारी माणसं अनवाणीच असतात. म्हणून तळाला लाकूड ठेवलं. इंजिन ज्यावर अडकवतात त्या मागच्या फळ्यालाही लाकूड लागतंच, कारण इंजिनचे हादरे नुसता पत्रा फार काळ सोसत नाही.

तांब्याचं रसायन नसलेला, फिनॉलिक गोंदाचा चांगला प्लाय किंवा मुरलेलं सागवान, यापैकी काहीही चालेल. बुरशीची भीती असेल तर बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचं द्रावण लाकडाला पाजता येतं, त्यात तांबं नसतं. ते पाण्याने धुऊन जातं, म्हणून वर लेप हवाच. बाभूळ स्वस्त आणि मजबूत असली तरी मी टाळतो.

लाकूड कोरडं असणं ही खरी अट. ओल्या लाकडाला चारी बाजूंनी सील केलं की ओल आतच कोंडली जाते आणि फळी आतून कुजते, वरून मात्र काचेसारखी दिसते. कोरडं झालं हे ओळखायची माझी रीत साधी आहे. फळीचा एक तुकडा कापून किराणा दुकानाच्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करायचा. तीन दिवस वजन हललं नाही की लाकूड तयार. सोलापूरचा उन्हाळा इथे आपल्या बाजूने आहे. शेडच्या सावलीत, हवा खेळती ठेवून, फळ्यांमधे पट्ट्या घालून रचा. भर उन्हात टाकू नका, टोकं चिरतात.

लेप

जवसाचं तेल, वार्निश, पॉलियुरेथेन, इपॉक्सी, प्रत्येकाचे पुरस्कर्ते आहेत. माझं मत असं: जी फळी रोज काढून उन्हात ठेवता येते, म्हणजे बसायची आसनं, तिला तेल पुरेसं आहे. तेल पाणी थोपवत नाही, पण फळी वाळते, म्हणून चालतं. जी फळी बसवली की वर्षानुवर्षं निघणार नाही, म्हणजे तळ आणि मागचा फळा, तिला इपॉक्सीच. नुसत्या वार्निशच्या थराला उन्हात बारीक चिरा जातात, पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. अर्धवट सील हे अजिबात सील न करण्यापेक्षा वाईट.

इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेच ठेवा आणि ते वजनाने आहे की मापाने हेही बघा. हार्डनर जास्त टाकला की लवकर वाळतं, असं फायबरचं काम करणारे सांगतात. ते पॉलिएस्टर रेझिनबद्दल खरं आहे. इपॉक्सीत हार्डनर जास्त झाला तर माल कायमचा मऊ राहतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुसरी अडचण येते. साधारण हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की मिश्रण हाताळायचा वेळ निम्मा होतो. डब्यावर पंचवीस अंशाला चाळीस मिनिटं लिहिलं असेल तर पंचेचाळीस अंशाला दहा मिनिटं. पहिल्या दिवशी मी अर्धा किलो माल प्लॅस्टिकच्या मगात एकदम कालवला. ब्रशने दोन फळ्या होईतो मग धुरकटला, प्लॅस्टिक वाकलं आणि आत दगड झाला. तेव्हापासून एका वेळी थोडाच माल, पसरट ताटलीत, मंद हार्डनर घेऊन.

वेळ संध्याकाळची. फळी दुपारभर कोमट होऊ द्या, सूर्य कलल्यावर सावलीत आणा आणि पहिला हात मारा. लाकूड थंड होताना त्याच्या रंध्रांतली हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढून घेते. सकाळी मारलात तर उलटं होतं: लाकूड तापत जातं, हवा फुगते आणि लेपात बुडबुड्यांची भोकं राहतात. ही एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मं काम सुधारतं.

सपाट बाजूंना तीन हात. कडांना आणि टोकांना तीनवर थांबू नका. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून, प्लाय पितो तो कापलेल्या कडेतून. कडेला पहिला हात लावला की पाच मिनिटांत ती पुन्हा कोरडी दिसते, पुन्हा लावा, ती पिणं थांबवेपर्यंत लावत राहा. मी कडा बोटाने चाचपतो. कुठे जरा खरखरीत लागलं तर अजून तहान आहे. टोकदार कडा आधी रंध्याने गोल करून घ्या, धारेवर लेप टिकत नाही.

एक हात चिकट असतानाच पुढचा मारला तर घासायची गरज नाही. रात्र मधे गेली तर सकाळी वर मेणचट थर येतो. तो ॲसिटोनने पुसून पसरवू नका. साध्या पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धुवा, वाळवा, मग पॉलिश पेपर मारा. शेवटी वरून रंग हवाच. नुसतं इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं आणि खडूसारखं सुटतं. रंग फिका घ्या, पायांना बरं पडतं.

स्क्रूचं भोक

इतकं सगळं करून लोक शेवटी ड्रिल घेतात आणि सील केलेल्या फळीतून आरपार भोक पाडतात. त्या भोकाच्या आत कोरं लाकूड उघडं पडलं. कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. दाजींचा मागचा फळा काढला तेव्हा मधला भाग चांगला होता आणि इंजिनच्या चारही बोल्टांभोवती हाताच्या पंज्याएवढं लाकूड चहात बुडवलेल्या पावासारखं झालं होतं.

उपाय असा. सहा मिलिमीटरचा बोल्ट असेल तर आधी बारा मिलिमीटरचं भोक पाडा. खालून टेप लावा, आत पातळ इपॉक्सी फिरवा, मग सिलिका पावडर घालून घट्ट केलेलं इपॉक्सी काठोकाठ भरा. पूर्ण कडक होऊ द्या. त्याच्या मधोमध सहाचं भोक पाडा. आता बोल्टभोवती तीन मिलिमीटर इपॉक्सीची नळी आहे, पाणी आलं तरी लाकडाला शिवत नाही. एका भोकाला दोन दिवस लागतात, पण यातलं काहीही वगळू नका.

बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या. स्टेनलेससुद्धा अल्युमिनियमशी पूर्ण गोडीने राहत नाही, पण छोटा स्टेनलेस बोल्ट आणि मोठा अल्युमिनियमचा पत्रा असं प्रमाण असलं की त्रास कमी होतो. उलटं करू नका: मोठ्या स्टेनलेस पट्टीला छोटे अल्युमिनियमचे रिपीट लावले तर रिपीट आधी जातात. बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा वायसर आणि दांड्याला सीलंट. झिंक प्लेटिंगचा लोखंडी स्क्रू एक-दोन पावसाळ्यांत प्लेटिंग गमावतो.

सीलंट निवडताना वास घ्या. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं. माझ्या तिसऱ्या दुरुस्तीत मी नेमकं तेच लावलं होतं, कारण काचेच्या कामासाठी ते दुकानात पडून होतं. काचेला चालतं, पत्र्याला नाही. न्यूट्रल सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन घ्या.

फळी आणि पत्रा यांच्या मधे

पत्र्याची आतली बाजू घासून, ॲसिटोनने पुसून, लगेच इपॉक्सी लावा आणि ते ओलं असतानाच बारीक पॉलिश पेपरने घासा, म्हणजे नव्याने ऑक्साइड जमायच्या आत लेप धातूला धरतो. नाहीतर आधी एच प्रायमर (धातूला किंचित खाऊन धरणारा पहिला थर) आणि वर इपॉक्सी प्रायमर.

मग फळी थेट पत्र्यावर टेकवू नका. तळाच्या आडव्या कण्यांवर, म्हणजे बोटीच्या फासळ्यांवर, एचडीपीईच्या (कडक प्लॅस्टिकच्या) किंवा नायलॉनच्या पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवा आणि फळी त्यांवर. पट्ट्या अशा लावा की पाणी मागच्या बुचाकडे वाहायला वाट राहील. फोमचा तुकडा, नमदा, जुनं कार्पेट यांतलं काहीही मधे घालू नका, ते पाणी धरून ठेवतात. वरूनही कार्पेट चिकटवू नका. पाहुण्यांसाठी मऊ लागावं म्हणून दाजींनी हिरवं कार्पेट चिकटवलं होतं; ते दिवाळीपर्यंत ओलं राहायचं. आता बसायला सुटी चटई आहे, संध्याकाळी झटकून घरी जाते.

बॅटरी असेल तर तिची ऋण वायर बोटीच्या पत्र्याला जोडून "अर्थ" करू नका. दोन्ही वायरी बॅटरीपर्यंत वेगळ्या न्या. सोललेली वायर तळातल्या पाण्याला लागली तर वर लिहिलेल्या सगळ्या कारणांपेक्षा लवकर पत्रा जातो.

उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठ्यावर आली, की पाणी हटतं आणि बोटी गाळात टेकतात. आत आलेला गाळ वाळून फळीखाली बसला तर तो पहिल्या पावसात पुन्हा ओला होतो आणि ओलाच राहतो. बोट वर ओढून, बूच काढून, पुढचं टोक उंच करून ठेवा. पावसाळ्यात वापर नसेल तर पालथी. झाडाखाली नको, पानं साचतात.

फळ्या आता आम्ही वर्षातून दोनदा उचलतो, पाडव्याला आणि दसऱ्याला. दसऱ्याला तसंही सगळी अवजारं पुसून पूजेला मांडतात, तेव्हा बोटही धुतली जाते. बोल्ट सैल करायचे, पट्ट्या काढायच्या, पत्र्यावर हात फिरवायचा. परवाच्या दसऱ्याला एका कण्याजवळ बोटाला जरा पूड लागली. पट्टी सरकून फळी तिथे टेकली होती. पत्रा घासला, इपॉक्सी लावलं, पट्टीला दोन ठिकाणी सीलंट दिलं, आणि दुसऱ्या दिवशी फळी परत बसवली.